ताशा हाती बसलाय, तरी गेमचा ढोल ठोके का खातो?

नांदेडच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. गणपतीच्या पथकात सहा वर्षं ताशा वाजवलाय. घरी निन्टेंडो स्विच हे गेमचं यंत्र आहे, त्यावर 'तायको नो तात्सुजिन' या जपानी ढोल वाजवायच्या गेमचा 'रिदम फेस्टिव्हल' हा भाग आणि ढोलाच्या आकाराचा कंट्रोलर. 'नॉर्मल' पातळी झोपेत जमते, 'हार्ड' लावली की निम्मे ठोके 'बॅड' पडतात. सातवीतला पुतण्या, ज्यानं आयुष्यात टिपरू हातात धरलं नाही, तो जास्त गुण काढतो. तर हा ढोलच गंडलेला आहे का, बाहेरून महागातला मागवावा का, की आपल्याच हातात खोट आहे? शिवाय खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेलेत, त्यांचं काय करावं?

ढोलापेक्षा पुतण्याचं दुखणं मोठं दिसतंय. ते साहजिक आहे. माझ्याही घरात हे झालंय.

मी परभणीचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवतो, अठरा वर्षं झाली. लग्नसराई संपली की लोकांचे ऑक्टोपॅड, कीबोर्ड, मिक्सर उघडून दुरुस्त करतो. हा गेम घरात मुलासाठी आला. मुलगा चार महिन्यांत कंटाळला, मी अजून खेळायलोय. त्यामुळं वाजवणारा, दुरुस्त करणारा आणि पोराकडून हरलेला, अशा तिन्ही नात्यांनी सांगतो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमचा टीव्ही कोणता, आवाज कुठून येतो, ढोल जमिनीवर आहे की टेबलावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि अर्ध उत्तर त्यावरच आहे. तरी 'नॉर्मल जमतं, हार्ड जमत नाही, ताशावाला हरतो, पोरगं जिंकतं' या चार गोष्टी एकत्र आल्या की माझा संशय आधी ढोलावर जात नाही, हातावर तर नाहीच. तो टीव्हीवर जातो.

का, ते सांगतो. हा गेम मुळात घरचा नाही. नामको कंपनीनं तो २००१ साली जपानातल्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या गेमच्या दुकानांत आणला. भलामोठा ढोल, समोर पडदा, सगळं एकाच खोक्यात तारेनं जोडलेलं. पुढच्या वर्षी तो प्लेस्टेशन २ वर आला आणि सोबत घरचा छोटा ढोल आला, ज्याला ते ताताकॉन म्हणतात. नियम तेव्हापासून तेच आहेत. गोळे पडद्यावरच्या एका खुणेकडं सरकत येतात. लाल गोळा खुणेवर आला की ढोलाच्या तोंडावर मारायचं, तो 'डोन'. निळा आला की कडेवर, तो 'का'. मोठा गोळा आला की दोन्ही काठ्या एकदम. पिवळी पट्टी आली की ती संपेपर्यंत बडवत राहायचं.

आता कळीची गोष्ट. सोप्या आणि नॉर्मल पातळीवर ठोका 'गुड' धरला जायला साधारण ४२ मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) मागेपुढे चालतं, आणि 'ओके'ला साधारण १०८. हार्डवर हेच आकडे साधारण २५ आणि ७५ होतात. म्हणजे तुमचा प्रत्येक ठोका समजा ९० मिलिसेकंद उशिरा पोचायलाय. नॉर्मलवर तो 'ओके'त बसतो, गाणं पार होतं, तुम्हाला वाटतं जमलं. तोच हात, तोच उशीर, पण हार्डवर तो ७५ च्या बाहेर पडतो आणि 'बॅड' होतो. तुम्ही बिघडला नाहीत, चाळणी बारीक झाली. नॉर्मलचं एखादं गाणं परत वाजवून शेवटचा हिशेब बघा. तिथं 'गुड' कमी आणि 'ओके' ढीगभर असतील, तर माझा अंदाज बरोबर आहे.

हा उशीर येतो कुठून? आजकालचे टीव्ही चित्र आल्या आल्या दाखवत नाहीत. रंग खुलवणं, हालचाल गुळगुळीत करणं असले उद्योग करून मग दाखवतात. बातम्या बघताना कुणाला फरक पडत नाही. पण गेमच्या लेखी गोळा खुणेवर येऊन गेलेला असतो, तेव्हा तुम्हाला तो अजून येताना दिसतो. त्यात आवाज ब्लूटूथ स्पीकरवर किंवा हेडफोनवर टाकला असेल तर बघायलाच नको. ब्लूटूथचा आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद आरामात मागं राहतो.

आणि इथंच पुतण्या जिंकतो. त्याचा कान कोरा आहे. ठेका कुठं पडतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो फक्त गोळ्याकडं बघतो, आणि चुकत चुकत त्याला कळलंय की गोळा खुणेवर यायच्या जरा आधी मारलं की 'गुड' येतं. तुमचा कान पक्का आहे. टीव्हीतून उशिरा आलेला ठेका तुम्ही ऐकता आणि इमानदारीनं बरोब्बर त्याच ठेक्यावर मारता. उशिरा आलेल्या ठेक्यावरचा बरोब्बर ठोका उशिराच धरला जाणार. जेवढा कान चांगला, तेवढी शिक्षा जास्त.

मला हे कळायला दोन महिने लागले. मी तर वर ऑक्टोपॅडवाला. मुलगा म्हणायचा, "पप्पा, तुम्ही लेट मारायलात." मी म्हणायचो, "अरे, तुझा गेम लेट आहे." दोघंही बरोबर होतो.

शेवटी एके रात्री फोननं शूटिंग केलं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घ्यायची सोय असेल तर तुम्हीही करा. फोन असा टेकवा की ढोल आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत येतील. ढोलावर एक-एक ठोका द्या. मग ते शूटिंग एक-एक चित्र पुढं सरकवत बघा. काठी रबराला टेकली ते चित्र एक, आणि पडद्यावर ढोल चमकला ते चित्र दोन. मधली चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद. माझी ३१ चित्रं भरली, म्हणजे १२९ मिलिसेकंद. टीव्हीचा गेम मोड सुरू केला आणि तीच मोजणी १२ वर आली, म्हणजे ५०. एक पैसा खर्च न होता अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी मिलिसेकंद परत मिळाले. दुसऱ्या दिवशी जे गाणं महिनाभर अडलं होतं ते पार झालं, आणि मुलानं जेवताना एक शब्द काढला नाही.

शूटिंग नको असेल तर त्याहून सोपी परीक्षा आहे. स्विच डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खाचेतून काढा, हातात धरा आणि अडलेलं गाणं त्याच्याच पडद्यावर बटणांनी वाजवा. आवाज त्याचाच, ब्लूटूथ नाही. बटणांची सवय नसतानाही 'गुड' एकदम वाढले, तर चोर टीव्ही किंवा स्पीकर. फारसा फरक नाही पडला, तर मग हाताकडं आणि ढोलाकडं बघू.

टीव्हीवर करायचं ते एवढंच: गेम मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा, ब्लूटूथ काढून आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर किंवा वायरीच्या हेडफोनवर घ्या. जुन्या काही टीव्हींना गेम मोड नसतो, तिथं त्या एचडीएमआय जोडणीचं नाव 'पीसी' ठेवलं की टीव्ही आपले उद्योग थांबवतो. हे झाल्यावरच गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ जुळवा. आधी नाही. टीव्ही दुरुस्त न करता गेममध्ये वेळ जुळवली तर चित्र आणि ठोका जुळतात, पण आवाज तिसरीकडंच राहतो, आणि तुमच्यासारख्या कानानं वाजवणाऱ्याला तेच जास्त छळतं. जुळवताना एकावेळी एकच घर सरकवा आणि दरवेळी तेच गाणं वाजवा, मध्यम लयीचं, पाठ झालेलं. गाणं बदललं की तुलना संपली.

आता ढोल. 'ठोके खातो' असं तुम्ही लिहिलंय, पण 'बॅड' दोन तऱ्हांनी येतो. ठोका पोचला पण भलत्या वेळी, किंवा ठोका पोचलाच नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक आवाजात आहे: पोचलेल्या ठोक्याला गेम 'डोन' किंवा 'का' वाजवतो, न पोचलेल्याला फक्त काठीचा टक्क ऐकू येतो. हे तपासायला गाण्यांची यादी उघडा. तिथं कडेवर मारलं की यादी एक घर सरकते, डाव्या कडेवर मारलं की एका दिशेला, उजव्या कडेवर मारलं की उलट दिशेला. वीस वेळा डाव्या कडेवर मारा, अगदी आरामात, गाण्यात मारता तेवढ्याच जोरानं. यादी वीस घरं सरकली पाहिजे. मग उजवीकडं वीस. तोंडासाठी एखादं गाणं लावून सुरुवातीच्या मोकळ्या जागेत डावीकडं आणि उजवीकडं मारा आणि 'डोन' मोजा. गोळा नसताना मारलं तर या गेममध्ये गुण कापत नाहीत, तेव्हा बिनधास्त मारा.

ढोलात चार वेगळे भाग असतात: तोंडाचा डावा अर्धा, उजवा अर्धा, डावी कड, उजवी कड. बिघाड असेल तर तो बहुतेक एकाच भागात सापडतो. चारही भाग अधूनमधून ठोके सोडत असतील, तर आधी ढोल कसा ठेवलाय ते बघा. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर तो ठोक्यागणिक केसभर पुढं सरकतो, आणि सरकण्यात जोर जातो. माझ्याकडं एकजण असाच 'बिघडलेला' ढोल घेऊन आला होता, पार जिंतूरहून. मी तो उघडलाच नाही. खाली रबरी चटई टाकली आणि त्याच्याच हातानं वाजवायला लावला. चहा पिऊन गेला.

एकच भाग खरोखर ठोके खात असेल आणि वॉरंटी असेल तर उघडू नका, विकणाऱ्याकडं परत द्या. आपल्याकडं हे ढोल बहुतेक आयात करून विकणाऱ्यांकडून येतात, तेव्हा पावती जपून ठेवलेली बरी. वॉरंटी संपली असेल तर बघण्यासारख्या गोष्टी तीनच: आत गेलेली धूळ, ढिली झालेली वायर, आणि एका बाजूला जास्त नि दुसऱ्या बाजूला कमी आवळलेले स्क्रू. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, ताशाचं तोंड चढवतात तसं.

एवढ्यावरही जमेना, तर हाताकडं येऊ. तुमचा हात वाईट नाही, तो दुसऱ्या वाद्याचा आहे. ताशात दोन्ही काड्या मधेच खेळतात, कडेचं काम नसतं. ताशावाला जोर देऊन ठेका उठवतो, इथं जोराला शून्य किंमत आहे. हळू मारा नाहीतर फोडून काढा, गुण तेवढेच. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे, पथकात ताशा पुढं असतो. तुम्ही लय जरा चढवली की मागचे वीस-तीस ढोल तुमच्या मागून येतात. तुम्हाला चूक कधी कळतच नाही, कारण सगळे मिळून तीच चूक करतात. ही खोड माझ्यातही होती, ऑर्केस्ट्रात गाणारा माझ्यामागून यायचा. इथं गाणं कुणासाठी थांबत नाही आणि कुणाच्या मागं धावत नाही.

म्हणून मी म्हणतो, या गेमसाठी ताशा विसरा आणि हलगी आठवा. आमच्या गावात हलगी वाजवणारे एक मामा होते. थंडीच्या दिवसांत वाजवायच्या आधी शेणीच्या जाळावर हलगी शेकायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, परत शेकायचे. एका हातात जाडसर आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक लांब काडी. टिपरू मधे पडायचं, काडी कडेला. त्यांचे हात बघितले तर हलतच नाहीत असं वाटायचं. मी लहानपणी दोन्ही हात खांद्यापासून उचलून बडवत होतो, तर म्हणाले, "आरं, पाखरं हाकलायलास का?"

गेमच्या ढोलावर हेच करायचं. 'डोन' मारायला लोक तोंडाच्या अगदी मध्यात जातात आणि 'का' साठी तिथून कडेपर्यंत हात नेतात. एवढा प्रवास हार्डला परवडत नाही. तोंडाच्या भागातच, पण कडेजवळ वरच्या अंगाला जागा धरा, डाव्या काठीची घड्याळातल्या दहाच्या खाली, उजव्याची दोनच्या खाली. तिथून कड दोन-तीन बोटांवर येते. मनगट किंचित वळवलं की 'का', सोडलं की 'डोन'. कोपर जागेवर. पहिले काही दिवस लालला निळा आणि निळ्याला लाल पडेल, पडू द्या.

दुसरं म्हणजे हात आलटून पालटून. तुम्ही उजव्या हातानं जास्त मारत असणार, आणि नॉर्मलला ते चालून जातं. हिशेब बघा. मिनिटाला १६० मात्रांचं गाणं असेल आणि एका मात्रेत चार ठोके आले, तर दोन ठोक्यांत ९४ मिलिसेकंद. एकाच हातानं हे काही ठोके निघतील, गाणंभर नाही. म्हणून तीनचा गठ्ठा आला तर उजवा-डावा-उजवा, पाचचा आला तर तसंच पुढं, आणि रंग बदलला तरी हात बदलायचा क्रम मोडायचा नाही. लाल-लाल-निळा म्हणजे उजवा मधे, डावा मधे, उजवा कडेवर. नवखे लोक 'निळा आला की डावा' असं धरतात, त्यांची गाडी पुढं कुठंतरी अडकतेच. प्रत्येक गठ्ठा उजव्यानं सुरू करायचा की मागचा जिथं संपला त्याच्या उलट हातानं, यावर खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. मी उजव्यानं सुरू करतो, कारण मला कानाला मात्रा उजव्या हातात लागते. माझा मुलगा सलग आलटून पालटून जातो आणि माझ्यापेक्षा वेगवान आहे. तुम्ही काय धराल ते तुमच्यावर, पण महिनाभर एकच धरा. तुमचा ताशाचा रेला पिवळ्या पट्टीत वापरा. तिथं वेळेचा हिशेब नाही, फक्त ठोके मोजतात, आणि पुतण्या तिथं तुमच्यापुढं टिकणार नाही.

तिसरं डोळ्याचं. हार्डवर गोळे इतके दाटीनं येतात की लाल-निळ्याची खिचडी दिसते. लोक घाबरून वेग कमी ठेवतात. उलट करा. गाणं सुरू करायच्या आधी पर्यायांत गोळ्यांचा वेग वाढवता येतो. गाण्याची लय तीच राहते, फक्त गोळे एकमेकांपासून लांब होतात आणि वेगळे दिसायला लागतात. पहिल्या दिवशी अंगावर आल्यासारखं वाटेल. चार दिवसांनी जुना वेग लावून बघा, चिखलात चालल्यासारखं होईल.

आणि तोंडानं म्हणा. जपानी लोक ढोल शिकताना बोल म्हणूनच शिकतात, आपल्या तबल्यासारखंच. गेममध्ये गोळ्याखाली जपानी अक्षरात तेच बोल लिहिलेले असतात: सुटा ठोका 'डोन', कडेचा 'का', जलद आले की 'डो-को', 'का-का'. अक्षर वाचता येत नसलं तरी काही बिघडत नाही. त्याच पर्यायांत गेमलाच वाजवायला लावायचीही सोय आहे. अडलेलं गाणं त्याला वाजवू द्या, तुम्ही हात मांडीवर ठेवून नुसते बोल म्हणा. जिथं जीभ अडखळेल तिथंच काठी अडखळते, हे मी माझ्यावर तपासलंय. तुळजापूरला गोंधळात संबळ वाजवणाऱ्यांचे ओठ हलताना तुम्ही बघितले असतील. मला वाटायचं ते देवीचं नाव घेतात. एकाला विचारलं तर हसून म्हणाला, "नाव पण घेतो, हिशोब पण करतो."

म्हणजे क्रम असा: आधी टीव्ही आणि आवाज, मग गेममधली वेळ, मग ढोलाची मोजणी, आणि सगळ्यात शेवटी हात. बहुतेक लोक उलट क्रमानं जातात. आधी हाताला शिव्या, मग नवा ढोल, आणि टीव्हीचा नंबर लागतच नाही.

महागड्या ढोलाचं विचारलंत. आता नको. उशीर तसाच राहिला तर महागडा ढोलही उशिराच पोचणार, फक्त हप्ते वेळेवर जातील. खर्च करायचाच तर काठ्यांवर करा. ढोलासोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या काठ्या हलक्या आणि घामानं निसटणाऱ्या असतात. मी सुताराकडून सागाच्या दोन करून घेतल्या, हातभर लांब, टोकाकडं निमुळत्या, टोकं गोल घासलेली. टोक टोकदार राहिलं तर रबर फाटतं. धरायच्या जागी बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळली. मे महिन्यात आपल्याकडं बेचाळीस अंशांत बिनाग्रिपची काठी टिकतच नाही.

हातानं ढोल करायची हौस असेल तर तेही होतं, पण हा गेम संगणकावर असेल तर सोपं जातं. २०२४ च्या शेवटी रिदम फेस्टिव्हल संगणकावरही आलाय, आणि फुकटात सराव करायचा तर ओसू नावाच्या गेममध्ये याच पद्धतीचा एक प्रकार आहे, तो साध्या लॅपटॉपच्या चार बटणांवर चालतो. ढोलासाठी चार पिएझो चकत्या (ठोका बसला की वीज देणाऱ्या), अर्डुइनोचा लिओनार्डो नावाचा छोटा प्रोग्राम करायचा बोर्ड जो संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो, प्रत्येक चकतीला समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर, आणि प्लायवूड. चकती दहा-वीस रुपयांची. अवघड भाग वायरिंग नाही. मधे मारलेला ठोका लाकडातून कडेपर्यंत पोचतो आणि एका ठोक्याचे दोन होतात, ते अवघड. ऑक्टोपॅडमध्ये याच रोगाला क्रॉसटॉक म्हणतात. कड आणि तोंड वेगवेगळ्या लाकडावर घेऊन मधे फोम द्या, आणि प्रोग्राममध्ये एक ठोका धरल्यावर पंधरा-वीस मिलिसेकंद बाकीच्यांकडं दुर्लक्ष करायला सांगा. तरी एक गंमत सांगतो. माझा ढोल दिवसा छान चालायचा आणि संध्याकाळी लाईट गेली की आपोआप 'का-का-का' करायचा. बायको म्हणाली, अंगात आलंय. तीन दिवस वायरी तपासल्या. शेवटी लक्षात आलं, लाईट गेल्यावर लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरवर जायचा, आणि आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. त्याचा खरखराट त्या चकत्या पकडत होत्या. चार्जर काढून बॅटरीवर खेळलो की ढोल गप.

राहिले काका. त्यांचं चुकत नाही. टीव्हीचा आवाज तुम्हाला त्रास देत नाही म्हणून त्यांनाही देत नसेल असं वाटतं, आणि ते खरंही आहे, त्यांना टीव्ही ऐकूच येत नाही. त्यांच्या छतातून येतो तो काठीचा धक्का, स्टँडच्या पायातून स्लॅबमध्ये उतरलेला. त्यामुळं हेडफोन लावून काही होणार नाही. मुलांच्या खेळायच्या जोडणीच्या फोमच्या चटया दोन थर टाका, त्यावर एक फळी, आणि स्टँडच्या पायांखाली पंक्चरवाल्याकडून आणलेल्या फाटक्या ट्यूबच्या दोन-तीन घड्या. एकटी सतरंजी नको, ती दबून फरशीला टेकते. ढोल खोलीच्या मधे नको, भिंतीजवळ, स्लॅबखाली तुळई असेल त्या जागी ठेवा, तिथं स्लॅब कमी थरथरतो. हे करून झालं की खाली जाऊन त्यांच्या घरात बसा आणि पुतण्याला वर वाजवायला सांगा. मी तसा बसलो होतो. चहा झाला, वरून बारीक धप-धप येत होती, आमच्या खालच्या काकू म्हणाल्या, "एवढंच असंल तर वाजवा, पर दुपारी एक ते चार नको." तो करार अजून चालू आहे.

टीव्हीची कंपनी, साल आणि आवाज कुठून घेता ते लिहा. आणि नॉर्मलच्या एका गाण्याचे 'गुड', 'ओके', 'बॅड' असे तीन आकडे पाठवा, गेम मोड लावायच्या आधीचे आणि नंतरचे. पुतण्याचेही पाठवा. गेम मोड लावल्यावर पहिले दोन दिवस त्याचे गुण घसरतील, कारण तो लवकर मारायला शिकलाय. तेवढे दोन दिवस तुमचे.